खोक्यासकट वजन

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर यकृताचं चित्र आणलं आणि पेनाच्या टोकाने एका करड्या भागावर टकटक केलं.

"ही चरबी. बावीस टक्के. दहाच्या आत आणा, मग बोलू."

निरीक्षकाने खिशातून वही काढली. बावीस लिहिलं, शेजारी दहा लिहिलं, मधे एक बाण काढला. बाण काढायला सोपा गेला.

"किती दिवसांत?"

"आठ आठवडे. त्याहून जास्त तुमच्या बहिणीच्या हातात आहेत असं मी म्हणणार नाही."

"दहा म्हणजे दहाच? की अकरा चालतं?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्ही काय करता?"

"वजनमापे खात्यात निरीक्षक आहे."

"मग तुम्हीच सांगा. तुम्ही चालवून घेता?"

"नाही."

"मीही नाही. खाणं रोजचं पंधराशे कॅलरी. हा तक्ता घ्या. आणि हालचाल करा. वजन अठ्ठ्याऐंशी आहे, ऐंशीवर आणलंत तर यकृत आपोआप ऐकेल."

एवढ्यावर भेट संपली. निरीक्षकाच्या थोरल्या बहिणीचं यकृत कामातून गेलं होतं. तिला कुणाच्या तरी यकृताचा तुकडा हवा होता, आणि ज्याचा रक्तगट जुळतो असा सख्खा भाऊ एकच होता. तो जाड होता. बाकी सगळं ठीक होतं.

बहिणीला सगळे ताई म्हणत, तिच्यापेक्षा मोठे लोकसुद्धा. पंचवीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला होता. निरीक्षकाला ती चिपट्या म्हणायची, कारण लहानपणी तो चिपट्याएवढा, धान्याच्या छोट्याशा मापाएवढा होता. हे आता कुणाला सांगितलं असतं तर पुरावा मागितला गेला असता. रुग्णालयातल्या तिच्या खोलीची खिडकी गाड्या उभ्या करायच्या आवारावर उघडायची. ताई दिवसभर लोकांना गाड्या मागे घेताना बघायची आणि मनातल्या मनात मार्क द्यायची.

"काय म्हणाली बाई?" तिने विचारलं. तिचे डोळे पिवळे झाले होते, आवाज तेवढा जुनाच होता.

"आठ किलो कमी करा म्हणाली."

"आठ? अरे, तेवढं तर तू लग्नाच्या जेवणात एका बैठकीत कमावलं होतंस."

"करतो ग."

"करशील. चिकट आहेस." मग थोडा वेळ ती एका लाल गाडीकडे बघत राहिली. "आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि यकृत गेलं ते गेलंच. आधी माहीत असतं तर निदान चव तरी बघितली असती."

खुर्चीत बसलेले तिचे यजमान, म्हणजे निरीक्षकाचे भाऊजी, यावर हसले नाहीत. ते हल्ली कशावरच हसत नसत. ते ताईच्या पायांवरची चादर सारखी करत. चादर आधीच सारखी असे.

निरीक्षकाबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. चोवीस वर्षं तो दुकानांचे काटे तपासत होता. काट्याखाली चिकटवलेलं शिसं, तागडीच्या दोरीतली गाठ, आतून पोकळ केलेलं वजन, हे त्याला दुकानाच्या दारातूनच वास आल्यासारखं कळायचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्याने सासऱ्यांच्याच दुकानातला काटा जप्त केला होता. सासरे पुढे वारले, ते प्रकरण अजून जिवंत आहे. पण त्याचा खास हातखंडा म्हणजे खोकं. बिस्किटं, सुका मेवा, खिळे, काहीही विकणारे लोक जाड पुठ्ठ्याचं खोकं मालाबरोबर काट्यावर ठेवतात आणि पुठ्ठा बिस्किटांच्या भावाने विकतात. निरीक्षक गिऱ्हाईक होऊन जायचा, माल घ्यायचा, मग शांतपणे म्हणायचा, "आता खोकं रिकामं करा आणि तेवढंच तोला." दुकानदारांमध्ये त्याला 'खोकेसाहेब' म्हणत. हे त्याला माहीत होतं, आणि आवडत नाही असं तो दाखवायचा.

अशा माणसाने घरी येऊन बायकोला सांगितलं, "टॉवेल काढ."

घरात एक व्यायामाची सायकल होती. जागच्या जागी चालणारी, चाक एकच, कुठेही न नेणारी. तीन वर्षांपूर्वी ती मोठ्या उत्साहात आली होती आणि तेव्हापासून तिच्यावर टॉवेल वाळत होते.

"उद्यापासून टॉवेल कुठे घालू तेही सांगा," बायको म्हणाली, पण काढले. नणंदेवर तिचाही जीव होता.

सायकलला एक छोटा पडदा होता. त्यावर चार आकडे यायचे: वेळ, पायडलचे फेरे, अंतर आणि जळालेल्या कॅलरी. निरीक्षकाच्या जागी दुसरा कुणी असता तर बसला असता आणि पाय मारायला लागला असता. निरीक्षकाने आधी यंत्राची तपासणी केली. मनगटी घड्याळ लावून वीस मिनिटं मोजली, वेळ बरोबर. बायकोला शेजारी उभं करून पाचशे फेरे मोजून घेतले, फेरे बरोबर. चाकाचा परीघ सुतळीने मोजून फेऱ्यांना गुणला, अंतर दोन मीटरच्या तफावतीत बरोबर. तीन आकडे खरे निघाले. चौथ्याला लावायला त्याच्याकडे सुतळी नव्हती. पण एकाच घरातली चार भावंडं, त्यातली तीन इमानदार, म्हणजे चौथंही असणारच, असा त्याने ठराव केला. दुकानदारांच्या बाबतीत तो असा विचार कधी करत नसे.

उलट चौथ्या आकड्याचा एक गुण त्याला फारच पसंत पडला. पायडल जड करायला खाली एक गोल खटका होता. तो एकवर ठेवा नाही तर आठवर, चाळीस मिनिटांत आकडा यायचा तोच: पाचशे चाळीस. आज पाचशे चाळीस, उद्या पाचशे चाळीस.

"स्थिर यंत्र आहे," तो म्हणाला. "हलत नाही."

"मग जड करून कशाला दमता? एकवर ठेवा," बायको म्हणाली.

यात तर्काची चूक नव्हती. खटका एकवर गेला.

सकाळी चाळीस मिनिटं, कचेरीतून आल्यावर चाळीस मिनिटं. दिवसाला एक हजार ऐंशी. एक किलो चरबी म्हणजे सात हजार सातशे कॅलरी, हे त्याने तीन ठिकाणी वाचून पडताळलं होतं. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर त्याने दोन रकाने आखले, आत आणि बाहेर. आतमध्ये अंडं सत्तर, पावाचा तुकडा ऐंशी, केळं शंभर. बाहेरमध्ये सायकल.

चौथ्या दिवशी त्याने पावाला लोणी लावलं.

"तक्त्यात लोणी नाहीये," बायको म्हणाली.

"तक्ता पंधराशेचा आहे. तो सायकल न चालवणाऱ्या माणसासाठी. मी बाहेर हजार टाकतोय. त्यातले निम्मेच परत घेतो. निम्मे ताईचे."

"डॉक्टरीणबाईंना विचारलंत?"

"गणिताला डॉक्टर कशाला लागतो?"

आणि गणित चाललं. पहिल्या दोन आठवड्यांत वजन जवळजवळ दोन किलोंनी उतरलं. शहाऐंशी पूर्णांक तीन. निरीक्षक पट्ट्याला नवं भोक पाडायला गेला आणि भोक पाडणाऱ्या चांभाराला त्याने कारणही सांगितलं.

रोज संध्याकाळी सायकल झाली की तो रुग्णालयात जायचा. ताई वाटच बघत असायची.

"आज?"

"एक हजार ऐंशी."

"एकूण?"

"सोळा हजार दोनशे."

"बघा हो," ताई भाऊजींना म्हणायची, "आमचा चिपट्या आमच्यासाठी जळतोय. लोकांचे भाऊ नुसते बहिणीवर जळतात."

भाऊजी आकडा एका कागदावर लिहून घ्यायचे. तो कागद ते शर्टाच्या खिशात ठेवायचे. औषधांच्या चिठ्ठ्या ते हरवायचे, हा कागद कधी हरवला नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ताईचा धाकटा दीर भेटायला आला. तो जहाजावर इंजिनिअर होता. सगळे त्याला कप्तान म्हणत, आणि तो दर वेळी सांगे की कप्तान वर असतो, मी खाली यंत्रात असतो. लोक म्हणत, बरं कप्तान. त्याने निरीक्षकाला खोलीबाहेर काढलं आणि उपाहारगृहात नेऊन दोन चहा मागवले.

"एक विचारायचं होतं," कप्तान म्हणाला. "माझा रक्तगट पण जुळतो. वजन आटोक्यात आहे. सोमवारी जहाज आहे, चढलो की सहा महिने खाली उतरत नाही. कंपनीला सांगून थांबू शकतो. वहिनीने मला नववीत भूगोलात काठावर पास केलंय, ते देणं बाकी आहे. खरं सांगा, थांबू का?"

निरीक्षकाने वही काढली. त्याला बरंही वाटलं आणि कुठेतरी थोडा रागही आला. आपलं काम आपण करत असताना दुसऱ्याने येऊन 'मी करू का' म्हटलं की येतो तसा.

"हे बघा. आजपर्यंत बावीस हजार सहाशे ऐंशी. पहिल्या दोन आठवड्यांतच वजन दोन किलो उतरलं. सरळ रेषेत गेलं तर आठव्या आठवड्यात ऐंशी. चरबी दहाच्या आत."

कप्तानाने पान नीट वाचलं. तो यंत्रातला माणूस होता, उगाच मान हलवणाऱ्यांतला नव्हता. "मोजमाप कशावर घेताय?"

"सायकलच्या पडद्यावर."

"तो पडदा तपासलाय कुणी?"

"मी."

"तुम्ही स्वतः?"

"घड्याळ लावून. सुतळी लावून."

"मग बोलायलाच नको," कप्तान म्हणाला आणि खुर्चीत पहिल्यांदा मागे टेकला. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी स्क्रू उघडून बघितला असता."

"निश्चिंत जा तुम्ही."

सोमवारी कप्तान जहाजावर चढला.

त्यानंतरच्या शुक्रवारी वजन शहाऐंशी पूर्णांक दोन होतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी शहाऐंशी पूर्णांक चार. फळ्यावर 'बाहेर'चा रकाना भरून वाहत होता आणि काटा जागचा हलत नव्हता. निरीक्षक काट्यावरून उतरला, पुन्हा चढला, चष्मा काढून चढला. तरी शहाऐंशी पूर्णांक चार.

चोवीस वर्षांच्या अनुभवाने त्याने ताबडतोब काट्यावर संशय घेतला.

शनिवारी तो कचेरीतून प्रमाणित वजनं घेऊन आला. लोखंडी, वीस वीस किलोंची चार. ती तीन मजले वर आणताना त्याच्या कॅलरी खरोखरच जळल्या असणार, पण त्या फळ्यावर लिहायचं त्याला सुचलं नाही. वजनं एकेक करून काट्यावर ठेवली. वीस. चाळीस. साठ. ऐंशी. काटा राजा हरिश्चंद्राचा अवतार निघाला.

"मग राहिले कोण?" बायको दारात उभी राहून म्हणाली. "मी की तुम्ही?"

"तू सूपमध्ये लोणी घालतेस?"

"घालते. विष पण घालते, पण तुम्हाला लागू पडत नाही." ती आत आली. "अहो, सगळ्यांचे काटे तपासलेत. या सायकलचा तेवढा राहिलाय."

"तपासलाय."

"वेळ तपासलीत, फेरे तपासलेत. कॅलरी कुठे तपासल्यात?"

"त्या कशा तपासणार?"

बायकोने स्टूल ओढलं. सायकलच्या शेजारी बसली, डाव्या हातात मासिक धरलं, उजव्या हाताने पायडल धरलं आणि शिवणयंत्राचं चाक फिरवावं तसं फिरवायला लागली. खटका एकवरच होता. चाक सुरसुर फिरत होतं. मधे तिने हाताने पान उलटलं, मग पुन्हा फिरवायला लागली. वीस मिनिटांनी पडद्यावर आलं: दोनशे सत्तर.

"बघा," ती म्हणाली. तिला जिंकल्याचा आनंद झालेला दिसत नव्हता. "मी अर्ध्या केळ्याएवढे पण कष्ट केले नाहीत."

निरीक्षक पडद्याकडे बघत राहिला. पडदा फक्त फेरे मोजत होता आणि प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं काहीतरी वाढवत होता. फिरवणारा हात आहे की पाय, जड आहे की हलकं, माणूस आहे की वारा, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. म्हणूनच तो इतका स्थिर होता. पोकळ वजनसुद्धा रोज तेवढंच भरतं.

सोमवारी सकाळी तो वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी पानं उलटली. एका पानावर थांबल्या.

"हे काय? सायकलच्या कॅलरी तुम्ही खाल्ल्यात?"

"निम्म्या."

"निम्म्या म्हणजे रोज पाचशे चाळीस." त्यांनी वहीच्या कडेला पेनाने गणित मांडलं. "हलक्या हाताने चाळीस मिनिटं. तुमच्या वजनाला जास्तीत जास्त अडीचशे. त्यातही तुम्ही नुसते खुर्चीत बसला असता तरी चाळीस मिनिटांत साठ-सत्तर जळतातच. श्वास आहे, हृदय आहे. ते सायकलमुळे नाहीत, ते वजा करायला हवेत. यंत्रं करत नाहीत. सगळं एकत्र धरून मोठा आकडा दाखवतात, लोकांना बरं वाटतं."

"खोक्यासकट," निरीक्षक म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

"तर सायकलचे निव्वळ धरा एकशे ऐंशी. दोन वेळचे तीनशे साठ. आणि त्याच्या जोरावर खाल्ले पाचशे चाळीस." त्यांनी पेन ठेवलं. "म्हणजे सायकल चालवून तुम्ही रोज एकशे ऐंशी कॅलरी कमावत होतात. लोक अशा सायकलवर टॉवेल वाळत घालतात, तुम्हीही तेच केलं असतं तर बरं झालं असतं, असं मी एरवी म्हटलं असतं."

तीन आठवडे उरले होते.

त्या दिवशी कचेरीत बसून निरीक्षकाने आणखी एक गणित केलं. कप्तानाचं जहाज एकोणीस दिवसांनी बंदराला लागणार. तिथून इथे दोन दिवस. त्याच्या तपासण्यांना तीन आठवडे. एकूण सहा. त्याच्याआधी आपणच पोचू. म्हणजे कप्तानाला कळवून फायदा नाही, नुसता जीव टांगणीला. गणितात कुठेही चूक नव्हती. त्याने ते दोनदा तपासलं आणि जहाजावर निरोप पाठवायचा कागद परत खणात ठेवला. तपासण्या दोन आठवड्यांत उरकता येतील का, हे त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर का विचारता, हेही सांगावं लागलं असतं.

मग तो खरोखर जळायला लागला. फळा पुसला. दिवसाला हजाराच्या आत खायचा, कचेरीत चालत जायचा, दुपारी जिने चढायचा, संध्याकाळी खटका आठवर ठेवून सायकल मारायचा आणि पडद्यावर रुमाल टाकायचा. एका दुकानात काटा तपासता तपासता त्याला घेरी आली. दुकानदाराने धावत जाऊन बिस्किटाचा पुडा आणला. त्याने मागे सारला. दुकानदाराला वाटलं, साहेबांना लाच वाटली, आणि त्याने घाबरून दुकानातला चांगला काटासुद्धा बदलून टाकला.

"एकूण किती?" ताई विचारायची. आता ती झोपूनच विचारायची.

"चाललंय."

"आकडा सांग ना. हे कागद घेऊन बसलेत."

"चाळीस हजार झाले," तो एकदा म्हणाला, कारण भाऊजींनी खरंच कागद काढला होता.

आठव्या आठवड्यात चाचणी झाली. वजन एक्क्याऐंशी. चरबी चौदा टक्के.

"तीन आठवड्यांत एवढं मी कुणात बघितलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून तीन द्या. होईल."

"आधीचे पाच आठवडे असे केले असते तर?"

त्यांनी फाइल बंद केली. ते उत्तरापेक्षा स्पष्ट होतं.

ताईच्या खोलीत भाऊजी नव्हते, औषधं आणायला गेले होते. ताई जागी होती. आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि शिट्टी वाजत होती, पण ती तिकडे बघत नव्हती.

"किती?"

"चौदा."

"आणि चाळीस हजार?"

"ते खोक्यासकट होते, ताई."

त्याने सगळं सांगितलं. खटका, लोणी, बायकोचा हात, कप्तान. न पाठवलेला निरोपही सांगितला. ताई ऐकत होती. मधेच तिला हसू आलं. हसता हसता ठसका लागला, त्याने पाणी दिलं.

"चोवीस वर्षं लोकांची खोकी रिकामी केलीस रे," ती म्हणाली. "आणि घरात…" मग भिंतीकडे तोंड केलं. "चिपट्या, मला तीन मिनिटं राग येऊ दे. बोलू नकोस. घड्याळ लाव."

त्याने खरंच मनगटावर बघितलं. ती भिंतीकडे बघत होती आणि तिचा खांदा हलत होता. सलाइनचे थेंब पडत होते. तो ते मोजायला लागला आणि मग लाज वाटून थांबला.

"झाली?"

"साडेतीन झाली."

"अर्धं मिनिट जास्त दिलंस. तुझ्या खात्यात चालतं?" तिने तोंड वळवलं. डोळे ओले होते, पिवळे होते. "आता नीट ऐक. हे यांना सांगायचं नाही. यांना तुझ्याशिवाय कोण आहे उद्या? आणि कप्तानाला तर मुळीच नाही. तो म्हणेल, मीच थांबायला हवं होतं. तो आयुष्यभर म्हणत बसेल. माझं काही बरंवाईट झालं तर दुसरं काहीतरी कारण सांग."

"आणि मी?"

"तू सांभाळ तुझं. मोठा झालास."

"ताई, तीन आठवडे दे फक्त."

"माझ्या हातात असतं तर वर्षाचं वेळापत्रक काढलं असतं रे."

दुसरं कारण शोधावं लागलं नाही. नवव्या आठवड्यात तिला संसर्ग झाला, ताप उतरेना, आणि अशा तापात शस्त्रक्रिया कुणावरच करत नाहीत. दहाव्या आठवड्यात ती गेली. सकाळी साडेदहाची वेळ होती, भाऊजी चादर सारखी करत होते.

पुढचे काही दिवस ताईच्या घरी लोक येत राहिले. तिचे जुने विद्यार्थी आले, आता टक्कल पडलेले, पोटं सुटलेले. ते दाराशी चपला काढताना अजूनही ओळीत लावत होते. खुर्च्या कमी पडल्या. निरीक्षक भिंतीला टेकून उभा होता. त्याचा शर्ट त्याला ढगळ होत होता. बायको आत चहा करत होती.

"यांनी काय केलं माहितीये का?" भाऊजी प्रत्येक येणाऱ्याला सांगत होते. इतकी वर्षं न बोललेला माणूस अचानक बोलायला लागला होता. खिशातून कागद काढत होते. "हे बघा. रोजचा आकडा आहे. तिच्यासाठी सायकल मारली यांनी. चाळीस हजार. संसर्ग झाला नसता तर…"

लोक कागद हातात घेत, वाचत, निरीक्षकाकडे बघत. एकाने येऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि दाबला. निरीक्षकाने हात सोडवून घ्यायला रीतीपुरता वेळ घेतला, कमी नाही, जास्त नाही.

मग कप्तानाचा फोन आला. जहाज पुढच्या बंदराला लागलं होतं. भाऊजी त्याच्याशी बोलले, रडले, आणि फोन निरीक्षकापुढे धरला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतोय."

सगळे ऐकत नसल्यासारखं ऐकत होते.

"मी थांबायला हवं होतं का हो?" कप्तान म्हणाला. मागे कुठेतरी यंत्राचा घरघर आवाज येत होता. "खरं सांगा. झोप लागत नाहीये."

"नाही. संसर्ग झाला. त्याला कोण काय करणार?"

"शेवटी कितीवर आणलं होतंत? आठव्या आठवड्यात?"

बायको चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिथेच थांबली.

"नऊ," निरीक्षक म्हणाला.



"म्हणजे तुम्ही तयार होतात," कप्तान म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला, आणि मग फुटला. "मग आपल्या कुणाच्याच हातात नव्हतं."

"नव्हतं."

"तुम्ही तुमच्याकडून काही बाकी ठेवलं नाहीत. वहिनीला ते कळलं असेल."

"हो. कळलं होतं."

त्याने फोन परत दिला. भाऊजींनी चष्मा पुसला, समोर बसलेल्यांना म्हणाले, "नऊवर आणलं होतं यांनी. आठ आठवड्यांत," आणि पेन शोधून तो आकडा कागदाच्या तळाशी लिहिला. समोरच्यांनी माना हलवल्या. बायकोने सगळ्यांना चहा दिला, नवऱ्यालाही दिला, त्याच्याकडे न बघता.

"किती वेळ उभे आहात," भाऊजी म्हणाले आणि सोफ्यावर सरकून त्यांनी त्याला जागा करून दिली.

तो बसला.